झेल न मोजता टाइट एंडची किंमत: व्हायकिंग्ज, जॉश ऑलिव्हर आणि सॅलरी कॅप

बर्फातला_नगरकर

मंडळी, अमेरिकन फुटबॉलवर इथे फारसे धागे निघत नाहीत. पण आपल्यातले बरेच जण या देशात राहून रविवारी दुपारी टीव्हीसमोर ठाण मांडतात, म्हणून धीर करून लिहितोय. मी मिनियापोलिसजवळ राहतो, व्हायकिंग्जचा चाहता आहे, आणि एका खेळाडूच्या करारावरून माझं नि माझ्या मित्रांचं २०२३पासून जे वाजलंय ते अजून मिटलेलं नाही.

आधी तेव्हाची परिस्थिती सांगतो. २०२२च्या हंगामात व्हायकिंग्जनी १३ सामने जिंकले, ४ हरले. कोल्ट्सविरुद्ध मध्यंतराला ०-३३ असे मागे होते, तो सामना ३९-३६ने काढला. लीगच्या इतिहासात एवढ्या पिछाडीवरून कुणीच जिंकलं नव्हतं. तरीही हंगामाची बेरीज केली तर मिळवलेल्या गुणांपेक्षा दिलेले गुण ३ने जास्त भरले. प्लेऑफच्या पहिल्याच सामन्यात जायंट्सनी ३१-२४ने घरी पाठवलं. आणि मार्च उजाडला तेव्हा संघ सॅलरी कॅपच्या, म्हणजे खेळाडूंच्या एकूण पगारावरच्या मर्यादेच्या, वर गेलेला.

मग कापाकापी सुरू झाली. बचावातला लाइनबॅकर एरिक केंड्रिक्स गेला. पाठोपाठ पास झेलणारा रिसीव्हर ॲडम थीलन गेला. थीलन म्हणजे याच राज्यातला, डेट्रॉइट लेक्स गावचा पोरगा. ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजातल्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, त्याला कुणीही घेतलं नव्हतं, २०१३मध्ये चाचणीला आला आणि स्वतःच्या हिमतीवर टिकला. त्याची जर्सी घातलेली लहान मुलं इथे दर दोन घरांआड दिसायची. ती हळहळ ताजी असतानाच फ्री एजन्सी, म्हणजे करार संपलेल्या खेळाडूंचा बाजार, उघडली आणि बातमी आली: बॉल्टिमोर रेव्हन्सचा टाइट एंड जॉश ऑलिव्हर, तीन वर्षं, २ कोटी १० लाख डॉलर.

आदल्या पूर्ण हंगामात ऑलिव्हरने १४ पास झेलले होते. आमच्या ऑफिसातल्या एकाने लगेच भागाकार केला: वर्षाला ७० लाख, झेल चौदा, म्हणजे एका झेलाला ५ लाख डॉलर. "थीलनला द्यायला पैसे नाहीत आणि याला आहेत?" हा प्रश्न त्या आठवड्यात मी कमीत कमी दहा जणांच्या तोंडून ऐकला असेल.

माझं म्हणणं एवढंच आहे की तो भागाकार मुळातच चुकीच्या गोष्टीला लावलाय. ऑलिव्हरला झेलांसाठी आणलंच नव्हतं.

ज्यांना खेळ नवा आहे त्यांच्यासाठी: पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या पुढे पाच जाडजूड लाइनमन असतात (मधला सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड, टोकांना टॅकल), त्यांना पास झेलायची मुभा नसते. त्यांच्या टोकाला, अगदी खांद्याला खांदा लावून जो उभा राहतो तो टाइट एंड. त्याला झेलही घेता येतो आणि लाइनमनसारखं समोरच्याला अडवावंही लागतं. ट्रॅव्हिस केल्सीमुळे सगळ्यांना झेल घेणारा टाइट एंड माहीत झाला. पण जवळपास प्रत्येक संघात दुसरा एक असतो, ज्याचं मुख्य काम अडवणं. त्याला ब्लॉकिंग टाइट एंड म्हणतात. समालोचक त्याचं नाव घेतात ते बहुतेक वेळा त्याच्यावर होल्डिंगची, म्हणजे समोरच्याला धरून ठेवल्याची, पेनल्टी लागली की.

२०२३मध्ये एका सामन्याची तिकिटं मिळाली. यू.एस. बँक स्टेडियममध्ये वरच्या कोपऱ्यात, पार टोकाची जागा. तिथून चेंडू नीट दिसत नाही, पण बावीस माणसं कशी उभी आहेत ते मात्र पटावर सोंगट्या मांडल्यासारखं दिसतं. मी ठरवलं, एक अख्खी ड्राइव्ह, म्हणजे चेंडू आपल्याकडे असेपर्यंतच्या सगळ्या चाली, चेंडूकडे बघायचंच नाही, फक्त ऑलिव्हरचा ८४ नंबर बघायचा. ऑलिव्हर उजव्या टॅकलच्या बाहेर उभा. समोर बचावाच्या टोकाचा डिफेन्सिव्ह एंड, त्याच्या किंचित बाहेरच्या अंगाला. चेंडू हलला तसा ऑलिव्हरने पहिला पाय पुढे न टाकता बाजूला टाकला, जेमतेम वीतभर. दुसरा पाय जमिनीला लागायच्या आत त्याचे दोन्ही पंजे समोरच्याच्या छातीवर, काखांच्या आत. कंबर खाली. मग त्याने त्या माणसाला मागे ढकललं नाही, नुसतं फिरवलं, दार बिजागरीवर फिरवावं तसं. चेंडू घेऊन धावणारा रनिंग बॅक त्या दारातून सहासात यार्ड गेला. टाळ्या रनिंग बॅकला पडल्या, ते योग्यच. ऑलिव्हर उठला, हातमोजे झटकले आणि परत ओळीत जाऊन उभा राहिला.

वर्षाला ७० लाख आहेत ते त्या वीतभर पावलाचे. तुम्हाला काय वाटतं?

---

दादरचा_दुसरा_मजला

छान लिहिलंय. मी भारतात बसून बघतो, सामने रात्री उशिरा असतात, तरी जमेल तेवढे बघतो. एक शंका. सॅलरी कॅप म्हणजे आपल्या आयपीएलच्या लिलावातली पर्सच ना? २०२५च्या मोठ्या लिलावाला प्रत्येक संघाला १२० कोटी होते, तसंच?

---

हिशेबाची_वही

@दादरचा_दुसरा_मजला, वरवर तसंच, पण आतून बरंच वेगळं. मी व्यवसायाने लेखापाल, त्यामुळे मला या खेळातला हाच भाग सगळ्यात जास्त आवडतो. जरा सविस्तर सांगते.

कॅप १९९४मध्ये आली, तेव्हा ती ३ कोटी ४६ लाख डॉलर होती. लीगच्या उत्पन्नातून खेळाडूंचा ठरलेला वाटा काढून दरवर्षीचा आकडा ठरतो. २०२०मध्ये १९ कोटी ८२ लाख. महासाथीत प्रेक्षागारं ओस पडली तेव्हा २०२१ला तो चक्क घसरून १८ कोटी २५ लाखांवर आला. २०२३ला २२ कोटी ४८ लाख, २०२४ला २५ कोटी ५४ लाख, २०२५ला २७ कोटी ९२ लाख. सगळ्या ३२ संघांना मर्यादा तीच, मालक कितीही गडगंज असो.

आयपीएलमध्ये खेळाडूची बोली लागली की तेवढी रक्कम पर्समधून वजा. इथे मात्र खेळाडूच्या हातात या वर्षी किती पडले आणि कॅपच्या वहीत या वर्षी किती लिहिले हे दोन वेगळे आकडे असतात. गंमत इथूनच सुरू होते.

सोपं उदाहरण घेऊ. आकडे समजावण्यापुरते आहेत, ऑलिव्हरच्या कराराचे नव्हेत. तीन वर्षांचा करार, सही करताना ६० लाख बोनस, पहिल्या वर्षाचा पगार १२ लाख. खेळाडूला पहिल्या वर्षी ७२ लाख मिळाले. पण सायनिंग बोनस करारातल्या वर्षांवर समान वाटून लिहिता येतो, जास्तीत जास्त पाच वर्षांवर. म्हणजे वहीत पहिल्या वर्षी २० अधिक १२, एकूण ३२ लाखच. उरलेले ४० लाख पुढच्या दोन वर्षांच्या डोक्यावर.

आता वर्षभरानंतर त्याला सोडून दिलं तर? ते ४० लाख कुठेही जात नाहीत, एकदम अंगावर येतात. याला डेड मनी म्हणतात: खेळाडू नाही, खर्च आहे. १ जूननंतर सोडलं तर २० लाख या वर्षी आणि २० पुढच्या वर्षी असे दोन हप्ते पडतात. व्हायकिंग्जना याचा चटका २०२४मध्ये बसला. क्वार्टरबॅक कर्क कझिन्स अटलांटाकडे गेला, तरी जुन्या बोनसांचे २ कोटी ८५ लाख डॉलर त्याच्या नावावर व्हायकिंग्जच्या वहीत होते.

आणखी एक नियम लोकांच्या लक्षात येत नाही. हंगाम सुरू होईपर्यंत सगळे खेळाडू मोजत नाहीत, सर्वांत जास्त कॅप खाणारे ५१ मोजतात. म्हणून मार्चमध्ये एखादा मधल्या किमतीचा खेळाडू घेतला की यादीतला तळाचा एक माणूस मोजणीबाहेर जातो, आणि खरा वाढीव बोजा दिसतो त्यापेक्षा थोडा कमी असतो.

मूळ लेखकाला एक पुरवणी: तीन वर्षांच्या कराराकडे पहिल्या वर्षाच्या कॅपमधून बघू नका. सरासरी ७० लाख म्हणजे २०२३च्या कॅपचे साधारण ३.१ टक्के. तेच ७० लाख २०२५च्या कॅपचे अडीच टक्के. कॅप चढती असेल तर लवकर केलेला करार आपोआप स्वस्त होत जातो.

---

दादरचा_दुसरा_मजला

अहो ताई, हे कुणी इतकं उलगडून सांगितलंच नव्हतं. मनापासून आभार.

---

मिसिसिपीच्या_उगमाशी

मला पटलेलं नाही, आणि स्पष्ट लिहितो.

ऑलिव्हर चांगला अडवतो, मान्य. पण २०२३मध्ये आमची धाव सुधारली का? नाही. त्या वर्षी व्हायकिंग्ज जमिनीवरून चेंडू पुढे नेण्यात पुन्हा तळाच्या संघांतच राहिले. अडवण्यासाठी ७० लाख मोजले आणि ज्यासाठी मोजले तेच झालं नाही, तर त्याला काय म्हणायचं?

दुसरं. टाइट एंडच्या जागी सहावा लाइनमन उभा करता येतो. राखीव टॅकल हा किमान पगारावर मिळतो, वजनाने वीस-तीस किलो जास्त असतो, अडवतो तर नक्कीच बरा. उरलेले साठ लाख आतल्या गार्डवर घाला. आमचं खरं दुखणं मधल्या तिघांत होतं, टोकाला नाही. दुखतंय गुडघा आणि पट्टी बांधली मनगटाला.

आणि थीलनचं म्हणाल तर मी भावनेपोटी बोलत नाही. मोठा पगार होता, वय झालं होतं, सोडलं ते ठीक. पण त्या आठवड्यात चाहत्यांना कुणी नीट समजावून सांगायला हवं होतं.

---

बर्फातला_नगरकर

@मिसिसिपीच्या_उगमाशी, मधल्या तिघांबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. २०२३ची धाव सुधारली नाही हेही मी नाकारत नाही. ऑक्टोबरच्या शेवटी ग्रीन बेमध्ये कझिन्सचा घोट्यामागचा स्नायुबंध तुटला, हंगाम ७-१०वर संपला. पण धाव त्याआधीही रडतच होती, तेव्हा दुखापतीच्या मागे लपणार नाही. एका माणसाने धाव सुधारत नाही. पाचही जणांनी आपापला माणूस धरला आणि सहाव्याचा सुटला तर चाल मेली. सहाव्याने धरला आणि आतला एक सुटला तरी चाल मेलीच.

सहाव्या लाइनमनचा मुद्दा मात्र मला पटत नाही, आणि माझ्या लेखी सगळा वाद इथेच आहे.

५० ते ७९ नंबरचा लाइनमन टाइट एंडच्या जागी उभा राहणार असेल तर त्याला आधी पंचाला जाऊन सांगावं लागतं, आणि पंच ते मैदानभर जाहीर करतो. बचाव करणाऱ्याला चाल सुरू व्हायच्या आधीच कळतं की हे धावणार आहेत. शिवाय त्या जाहीर करण्यातच गोंधळ होऊ शकतो. ३० डिसेंबर २०२३चा लायन्स-काउबॉइज सामना आठवा. टेलर डेकरने दोन गुणांचा पास झेलला, पण पंचाने पात्र म्हणून ७० नंबरच्या डॅन स्किपरचं नाव पुकारलं होतं. गुण रद्द, लायन्स १९-२०ने हरले.

८४ नंबरच्या माणसाला कुणाला काही सांगावं लागत नाही. तो उभा राहतो तेव्हा चार गोष्टी शक्य असतात: धावेसाठी अडवेल, पासच्या वेळी मागे राहून क्वार्टरबॅकला राखेल, आधी अडवल्यासारखं करून सटकेल, किंवा सरळ पळत जाऊन झेल घेईल. बचावाला निवड करावी लागते. दोन टाइट एंड बघून त्यांनी जड माणसं उतरवली, तिसरा लाइनबॅकर आणला, तर मागे आमचा रिसीव्हर जस्टिन जेफरसनसमोर माणसं कमी पडतात. पाच डिफेन्सिव्ह बॅक (पास अडवणारे हलके खेळाडू) तसेच ठेवले, तर ऑलिव्हरसमोर त्याच्याहून वीस-पंचवीस किलोने हलका माणूस उभा राहतो. चौदा झेलांचा उपयोग इथे आहे. झेल थोडेच असावेत, पण शून्य असून चालत नाही.

म्हणून मी म्हणतो, संघाने अडवणं विकत घेतलं, पण त्यासोबत समोरच्याच्या मनातली शंकाही विकत घेतली. सहाव्या लाइनमनकडून अडवणं मिळतं, शंका मिळत नाही.

---

चेसापीक_काठचा

मी मेरीलँडात राहतो, रेव्हन्सवाला. ऑलिव्हर आमच्याकडे घडला, म्हणून दोन शब्द.

हा माणूस मुळात अडवणारा नव्हताच. सॅन होजे स्टेटला असताना शेवटच्या हंगामात त्याने ५६ पास झेलले. जॅग्वार्सनी २०१९मध्ये तिसऱ्या फेरीत घेतला तो झेलांसाठी. तिथे दुखापतींनी पुरता पिडला. पहिल्या वर्षी चार सामने, दुसऱ्या वर्षी पाय मोडून एकही नाही. २०२१मध्ये आम्हाला तो ड्राफ्टमधल्या सातव्या फेरीच्या सशर्त पिकच्या, म्हणजे निवडीच्या हक्काच्या, बदल्यात मिळाला, म्हणजे जवळपास फुकटच.

बॉल्टिमोरमध्ये तेव्हा आक्रमणाचा प्रशिक्षक ग्रेग रोमनची पद्धत चालायची. जड माणसं, दोन-दोन तीन-तीन टाइट एंड, वर पॅट्रिक रिकार्डसारखा फुलबॅक. पास झेलायला मार्क अँड्र्यूज होताच. ऑलिव्हरला संघात राहायचं तर एकच दार उघडं होतं, अडवण्याचं. त्याने ते शिकून घेतलं. तेवीस-चोवीस वर्षांच्या मुलाने ज्या गुणावर आपली निवड झाली तो बाजूला ठेवायचा आणि दुसरंच काम मुळापासून शिकायचं, याला फार मोठं मन लागतं. दोन वर्षांत या कामात त्याचं नाव झालं. मला तो गेल्याचं वाईट वाटलं, पण अभिमानही वाटला.

एक सावधगिरीची गोष्टही सांगतो. आमच्याकडे याच कामाचा निक बॉइल होता. २०१९च्या मार्चमध्ये तीन वर्षं, १ कोटी ८० लाख. त्या वर्षीची रेव्हन्सची धाव ज्यांनी पाहिली त्यांना बॉइलचं मोल सांगायला नको. नोव्हेंबर २०२०मध्ये पॅट्रियट्सविरुद्ध भर पावसात त्याच्या गुडघ्यावर माणूस पडला. त्यानंतर तो पूर्वीसारखा कधीच खेळू शकला नाही. हे काम गुडघे, घोटे, खांदे खाऊनच होतं. म्हणून अशा खेळाडूला गॅरंटीड पैसे मिळाले की मला आनंद होतो, करार महाग वाटला तरी.

---

जुना_अंपायर

+१. बॉइलचा तो क्षण मी पुन्हा कधी पाहिलेला नाही, पाहणारही नाही.

---

कॉफीआधी_चहा

एक जुना दाखला देतो, कारण तो नेमका याच विषयाशी जोडलेला आहे. टाइट एंड कुणाला म्हणायचं यावरून एकदा चक्क लवाद बसला होता.

२०१४, न्यू ऑर्लिन्स सेंट्स, जिमी ग्रॅहम. संघाने त्याच्यावर फ्रँचाइज टॅग लावला. टॅग म्हणजे एका वर्षापुरता खेळाडूला धरून ठेवायचं, आणि रक्कम त्याच्या जागेवरच्या सर्वाधिक पगारवाल्यांवरून ठरते. टाइट एंडचा टॅग होता ७० लाख ५३ हजार डॉलर. वाइड रिसीव्हरचा १ कोटी २३ लाख. ग्रॅहम म्हणाला, मी दोन-तृतीयांश वेळा लाइनपासून लांब उभा राहतो, तेव्हा मला रिसीव्हर धरा. लवाद स्टीफन बर्बँक यांनी निकाल दिला: तू टाइट एंडच. नंतर त्याने चार वर्षांचा ४ कोटींचा करार केला.

मला त्यातून दिसतं ते हे. ज्याने फारसं अडवलंच नाही त्यालासुद्धा 'टाइट एंड' या दोन शब्दांपायी एका वर्षात पन्नास लाखांहून अधिकचा फटका बसणार होता. मग जो खरोखर अडवतो, त्याची किंमत तर याच शब्दाखाली वर्षानुवर्षं दबून राहिली. गार्ड आणि टॅकल यांचे पगार चढत गेले, झेल घेणाऱ्या टाइट एंडचेही चढले, पण ब्लॉकिंगवाल्याला दोन-तीन वर्षांचा मध्यम करार मिळाला तरी बातमी व्हायची. व्हायकिंग्जचाच रेट एलिसन आठवतो का? २०१७मध्ये जायंट्सनी त्याला चार वर्षांचे १ कोटी ८० लाख दिले, तेव्हाही हेच झालं. लोकांनी झेल मोजले आणि डोक्याला हात लावला.

---

मिसिसिपीच्या_उगमाशी

एलिसन माझा आवडता. त्याचे वडील रिकी एलिसन न्यूझीलंडचे, फोर्टी नायनर्सकडून खेळलेले. तो गेला तेव्हा मीच म्हणालो होतो की आपण चुकलो. तेव्हा हे नाव काढून तुम्ही मला बरोबर कोंडीत पकडलंत.

पंचाच्या घोषणेचा मुद्दा मी गृहीतच धरला नव्हता, तो मान्य करतो. आतल्या गार्डचा मुद्दा सोडत नाही.

---

हिशेबाची_वही

आतल्या गार्डबद्दल मीही तुमच्या बाजूने. पण पुढचं पान बघा. ऑगस्ट २०२३च्या शेवटी व्हायकिंग्जचा झेल घेणारा पहिला टाइट एंड टी. जे. हॉकन्सनला चार वर्षांची वाढ मिळाली, सुमारे ६ कोटी ६० लाख डॉलर. वर्षाला १ कोटी ६५ लाख. म्हणजे एकाच जागेवर दोन माणसं, मिळून २ कोटी ३५ लाखांच्या सरासरीने. तेव्हा मलाही जड वाटलं होतं.

मग २४ डिसेंबरला लायन्सविरुद्ध हॉकन्सनचा गुडघा गेला. २०२४चे पहिले सात सामने तो खेळला नाही. त्या सातांपैकी व्हायकिंग्जनी पाच जिंकले, आणि हंगाम १४-३ने संपवला. सगळं श्रेय ऑलिव्हरचं असं मी म्हणणार नाही. बचाव जबरदस्त होता, क्वार्टरबॅक डार्नल्डने कमाल केली. पण पहिला टाइट एंड नसताना चाली बदलाव्या लागल्या नाहीत, कारण दुसरा तिथे होता. वहीत ही नोंद कुठल्या रकान्यात करायची ते मला अजून सापडलेलं नाही.

२०२५च्या हंगामाआधी संघाने ऑलिव्हरला आणखी तीन वर्षांची वाढ दिली. पहिला करार फसला असता तर दुसऱ्यांदा सही झाली नसती.

---

जांभळी_पैठणी

मी इथे सहसा फक्त वाचते. आज लिहिल्याशिवाय राहवत नाही.

माझा मुलगा नववीत आहे, इथल्याच एका उपनगरातल्या शाळेच्या संघात टाइट एंड खेळतो. मला या खेळातलं काही कळत नव्हतं. माझं माहेर सांगलीचं, लहानपणी कबड्डी भरपूर पाहिलेली. तिथे पकड करणाऱ्याचं नाव व्हायचं, पण त्याचा हात धरून साखळीत उभा असलेला दुसरा गडी हलला असता तर पकड झालीच नसती, हे आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही कळायचं. इथे मात्र मी आई असून इतके दिवस मुलाचे झेलच मोजत होते.

या हंगामात त्याला सहा सामन्यांत दोन झेल मिळाले. दर शुक्रवारी गाडीत बसला की मान खाली. एकदा म्हणाला, "आई, बाकीच्यांचे आईबाबा व्हिडिओ काढतात, तुम्ही कशाचा काढणार?" मला उत्तर सुचलं नाही. घरी येऊन त्याच्या पाठीवर बाम लावला. खांद्याखाली हिरवंनिळं झालेलं होतं, दोन्ही बाजूंना, अगदी सारखं.

आता हा धागा वाचल्यावर विचारते: मी त्याचा व्हिडिओ काढायचा तर नेमकं काय टिपायचं? चेंडूच्या मागे कॅमेरा नेला तर तो दिसतच नाही.

---

बर्फातला_नगरकर

ताई, चेंडू सोडून द्या. चाल सुरू व्हायच्या आधी त्याच्या पायांवर कॅमेरा रोखा आणि शिट्टी होईपर्यंत हलवू नका. तीन गोष्टी दिसायला हव्यात. पहिलं पाऊल कुठे पडलं: पुढे, बाजूला की मागे. हात कुठे लागले: समोरच्याच्या छातीवर आत, की बाहेर खांद्याला, बाहेर लागले तर होल्डिंगची दहा यार्डांची पेनल्टी ठरलेली. आणि शिट्टी झाली तेव्हा त्याचे पाय चालू होते का. तिसरी सगळ्यात अवघड. चाल दुसरीकडे निघून गेल्यावरही जो पाय हलवत राहतो, तोच प्रशिक्षकाच्या नजरेत भरतो.

शक्य असेल तर बाजूने काढू नका, मैदानाच्या टोकाकडून, गोलपोस्टच्या मागून काढा. प्रशिक्षकसुद्धा लाइनमधला खेळ त्याच कोनातून बघतात.

---

चेसापीक_काठचा

आणि ऑलिव्हर कॉलेजात ५६ झेल घेणारा होता हे त्याला नक्की सांगा.

---

मिसिसिपीच्या_उगमाशी

ताई, दोन्ही खांद्यांखाली सारखंच हिरवंनिळं म्हणजे तो मुलगा सरळ अंगावर जातोय, एका बाजूला कलत नाहीये. मी शाळेत असताना चार वर्षं लाइनमध्ये खेळलोय. हे शिकवून येत नाही. बर्फाने शेका, आणि खांदा वर उचलताना दुखत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा, अंगावर काढू देऊ नका.

---

जांभळी_पैठणी

तुम्हा सगळ्यांचे खूप आभार. शुक्रवारी गोलपोस्टमागे उभी राहिले. थंडीने बोटं वाकत नव्हती, तरी अकरा चाली टिपल्या. खांदा दाखवून आणला, मुकामार आहे, बाकी काही नाही.

काल रात्री आम्ही दोघांनी आधी ऑलिव्हरच्या चाली पाहिल्या, मग त्याच्या स्वतःच्या. चौथ्या चालीला त्याने माझ्या हातातून फोन घेतला, मागे नेली, पुन्हा पाहिली, पुन्हा मागे नेली. मग म्हणाला, "आई, हे बघ. माझा पहिला पाय पुढे पडतोय. त्याचा बाजूला पडतो." आणि दिवाणखान्यात सोफा ढकलून तिथेच उभा राहिला, पाय बाजूला टाकून बघायला. साडेदहा वाजले होते, मी झोप म्हटलं नाही.